गाणे ऐकायला जावे, धक्के खाऊन यावे?

हौसेने तिकिटे काढून सहकुटुंब कार्यक्रमाला गेलेली माणसे पुष्कळदा चिडून, थकून, कधी कधी तर जीव मुठीत धरून परततात. दोष कुणाचा? दारावरच्या माणसाचा, आयोजकांचा, की शेजारच्या खुर्चीवर उभ्या राहणाऱ्या आपल्यासारख्याच प्रेक्षकाचा?

पावसाळ्यात नर्मदा दुथडी भरून वाहू लागली की जबलपूरजवळच्या बरगी धरणाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. या धरणाला २१ दारे आहेत. जलाशय भरत आला म्हणून ती धडाधड उघडली जात नाहीत. आधी खालच्या घाटांवरच्या लोकांना सावध केले जाते. मग काही दारे हिशेबाने उचलली जातात आणि पाण्याचा अंदाज घेऊन विसर्ग कमीजास्त केला जातो. दार कोणते, किती आणि केव्हा उघडायचे हे ठाऊक असलेला माणूस तेथे असतो, म्हणून खालची गावे निर्धास्त झोपतात.

माणसांच्या गर्दीचेही याहून वेगळे नाही. गर्दीला वाट हवी, वेळेवर सूचना हवी आणि दारावर जाणता माणूस हवा. या तीन गोष्टी असतील तर दहा हजार माणसे गाणे ऐकून सुखरूप घरी जातात. नसतील तर पाचशे माणसांतही चेंगराचेंगरी होऊ शकते.

एक संध्याकाळ

असे समजू या, की बरगीतल्या एका मराठी कुटुंबाने जबलपूरला होणाऱ्या एका नामवंत गायकाच्या कार्यक्रमाची पाच तिकिटे काढली आहेत. या भागात मराठी घरे नवीन नाहीत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि बरगी तर नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच आहे. गाण्याची आवडही येथे जुनी. शरद पौर्णिमेच्या सुमारास भेडाघाटला नर्मदा महोत्सव भरतो आणि शहरात शहीद स्मारकाच्या सभागृहात काही ना काही चालू असते. तेव्हा आजी, आईवडील, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा, अशी सगळी मंडळी दुपारीच जेवणे उरकून निघतात. आजींनी ठेवणीतले लुगडे नेसले आहे.

तिकिटावर वेळ साडेसहाची आहे. सहा वाजता ही मंडळी मैदानावर पोहोचतात, तर दार बंद. रांग कुठून सुरू होते हे कुणालाच माहीत नाही. दारावरचा रक्षक म्हणतो, "इधर से नहीं, पीछेवाले गेट से जाओ।" मागच्या दारावरचा म्हणतो, "ये तो पासवालों का है, आगे जाओ।" आजी काकुळतीला येऊन म्हणतात, "भैया, जरा बैठने को तो जगह दे दो।" तो उत्तर देत नाही, कारण बसायला जागा कुठे आहे हे त्यालाही सांगितलेले नसते.

सात वाजता दार उघडते, तेही अर्धे. मागून लोंढा येतो. धाकट्याचा हात आईच्या हातातून सुटतो आणि दोन मिनिटांनी, रडून लाल झालेल्या चेहऱ्यानिशी, परत सापडतो. आत गेल्यावर आपल्या क्रमांकाच्या खुर्च्यांवर दुसरेच कुणी बसलेले. "अहो, या जागा आमच्या आहेत," असे वडील म्हणतात, तर समोरून उत्तर मिळते, "भाईसाहब, कहीं भी बैठ जाइए।" पुढच्या चार रांगा पाहुण्यांसाठी राखलेल्या आणि निम्म्या रिकाम्या. पहिले गाणे सुरू होताच पुढचे लोक खुर्च्यांवर चढतात, शेकडो मोबाइल वर होतात आणि आजींना गायकाऐवजी लोकांच्या पाठी दिसतात. मुलीला मागून दोनदा धक्का लागतो. तो चुकून लागलेला नाही हे तिला कळते. ती आईचा दंड घट्ट धरून उभी राहते.

कार्यक्रम संपल्यावर सगळे त्याच अर्ध्या दाराकडे वळतात. घरी पोहोचल्यावर आजी एवढेच म्हणतात, "पुन्हा मला नेऊ नका रे."

हे कुटुंब कल्पनेतले आहे. पण ज्याने गेल्या काही वर्षांत मोठ्या कार्यक्रमाला हजेरी लावली आहे, त्याला यातली एखादी तरी गोष्ट ओळखीची वाटेल. हे सगळे "चालायचेच" म्हणून सोडून द्यावे असेही अनेकांना वाटते. परंतु अशाच "चालायचेच" मधून काय घडू शकते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत.

तिकीट हातात, माणसे रस्त्यावर

१० सप्टेंबर २०२३ रोजी चेन्नईजवळ ए. आर. रहमान यांचा मोठा कार्यक्रम झाला. तो खरे तर ऑगस्टमध्ये व्हायचा होता, पण पावसामुळे पुढे ढकलला गेला होता. त्या दिवशी महागडी तिकिटे काढलेली असंख्य माणसे आत शिरूच शकली नाहीत. रस्त्यावर वाहनांची तोबा गर्दी झाली. आत गेलेल्यांपैकी काहींना आपल्या तिकिटाच्या विभागात जागा मिळाली नाही. मुले आईवडिलांपासून चुकली आणि स्त्रियांनी गर्दीत झालेल्या छेडछाडीच्या तक्रारी केल्या. गाणी कानावर येत होती, पण वाट सापडत नव्हती. रहमान यांनी नंतर प्रेक्षकांना तिकिटाची प्रत आणि आपली तक्रार पाठवण्याचे आवाहन केले. ज्यांना आत जाता आले नाही त्यांना पैसे परत देण्याचे काम सुरू झाले. पोलिसांनी चौकशी केली.

पैसे परत मिळाले म्हणजे सगळे भरून निघाले, असे मात्र नाही. गर्दीत हरवलेल्या मुलाला शोधताना आईच्या पोटात जो गोळा आला असेल, त्याची भरपाई कोणत्या हिशेबात बसवायची?

आणि तरीही चेन्नईतली माणसे एका अर्थी नशीबवान ठरली, कारण ती घरी परतली. त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांनी, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, केरळमधील कोचीच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या महोत्सवात गाण्याचा कार्यक्रम होता. खुले रंगमंदिर, आत उतरायला पायऱ्या आणि बाहेर वाट पाहणारी तरुण मुलामुलींची गर्दी. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पाऊस आला. बाहेरची गर्दी एकदम दाराकडे धावली, पायऱ्यांवरची मुले पडली आणि त्यांच्यावर मागचे पडत गेले. चार जणांचा जीव गेला आणि पन्नासहून अधिक जखमी झाले. तेथे कुणी दंगा केला नव्हता, कुणी कुणाचे वैर साधले नव्हते. पावसात भिजू नये एवढीच प्रत्येकाची इच्छा होती.

गर्दी वाईट नसते, वाट अरुंद असते

अशी घटना घडली की "लोकांना शिस्तच नाही" हे वाक्य ताबडतोब ऐकू येते. पण जगभर गर्दीचा अभ्यास करणारे तज्ज्ञ वेगळेच सांगतात. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ मध्ये मोठ्या जमावांच्या नियोजनासाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. तिचाही रोख हाच आहे, की गर्दीतल्या दुर्घटना बहुतांशी माणसाच्या हलगर्जीपणाने होतात आणि आधी नियोजन केले तर त्या टाळता येतात.

याचे गणित समजायला सोपे आहे. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशी जागा डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या जागेत चार माणसे उभी असतील तर दाटी वाटते, पण प्रत्येकाला आपले हातपाय हलवता येतात. पाच झाली की धोक्याची रेषा आली. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. मग गर्दी पाण्यासारखी वागू लागते. मागे कुणी थोडे ढकलले की त्याची लाट पुढपर्यंत जाते आणि पुढच्यांना भिंतीवर किंवा कठड्यावर दाबते. अशा वेळी पुष्कळ माणसे पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत. ती उभ्या उभ्याच गुदमरतात, कारण छातीवर इतका दाब असतो की श्वास घ्यायला फासळ्या फुलत नाहीत. मागच्या माणसाला याचा पत्ताही नसतो. त्याला वाटते, पुढचे लोक उगीच अडून बसले आहेत.

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ३ डिसेंबर १९७९ रोजी 'द हू' या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाच्या वेळी नेमके असेच झाले. बहुतेक तिकिटे बिनक्रमांकाची, म्हणजे जो आधी आत जाईल त्याला पुढची जागा. बाहेर हजारो लोक थंडीत उभे, आणि उघडलेली दारे मोजकीच. आतून वाद्ये जुळवण्याचा आवाज आला आणि कार्यक्रम सुरू झाला असे वाटून गर्दी पुढे सरकली. ११ तरुण जागीच गुदमरले. आत कार्यक्रम पूर्ण झाला, कारण बाहेर काय घडले हे कलावंतांना नंतर कळले. त्यानंतर त्या शहराने अशा बिनक्रमांकाच्या आसनव्यवस्थेवर अनेक वर्षे बंदी घातली.

या साध्या उपायात मोठे शहाणपण आहे. आपली जागा पक्की आहे असा विश्वास असेल तर माणूस सावकाश चालतो. तिकिटावर क्रमांक छापून आत "कहीं भी बैठ जाइए" म्हणणारी व्यवस्था माणसांना धावायला शिकवते. पुढच्या वेळी तेच कुटुंब तास-दीड तास आधी येऊन दाराशी चिकटून उभे राहील. मग त्यांना बेशिस्त म्हणण्याचा अधिकार कुणाला?

दारावरचा माणूस

कार्यक्रमाला गेलेल्या प्रेक्षकाची भेट आयोजकाशी होत नाही, गायकाशीही होत नाही. त्याची भेट होते ती दारावरच्या माणसाशी. त्याच्या एका शब्दावर संध्याकाळ चांगली किंवा वाईट ठरते. आणि बहुधा हाच माणूस सगळ्या व्यवस्थेत सर्वांत कमी पगाराचा आणि सर्वांत कमी माहिती असलेला असतो. त्याला सकाळी आणून उभे केलेले असते. प्रसाधनगृह कुठे, पाणी कुठे, डॉक्टर कुठे, दुसरे दार कोणते, हे त्याला कुणी दाखवलेले नसते. त्याला एकच सांगितलेले असते, "कुणाला सोडू नकोस." मग तो तेवढेच करतो. ज्याच्याकडे उत्तर नसते तो आवाज चढवतो, हा मनुष्यस्वभाव आहे.

कायद्याला हे मान्य नाही. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ मध्ये केंद्राने कायदा केला. त्याखालच्या आदर्श नियमांत रक्षकाला किमान १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण हवे असे म्हटले आहे. संस्थेला परवाना लागतो. रक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. तो तिकीट पाहू शकतो आणि सामान तपासू शकतो, पण कुणावर हात उचलू शकत नाही. स्त्रियांची झडती स्त्री रक्षकानेच घ्यायला हवी. एखाद्या दारावर स्त्री रक्षक नसेल तर "तपासणीसाठी बाईंना बोलवा" असे शांतपणे सांगण्याचा प्रत्येकीला हक्क आहे.

दारावरच्या माणसाचे महत्त्व आपल्या देशाला फार महागात कळले. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 'बॉर्डर' चित्रपट चालू असताना खालच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग लागली. धूर बाल्कनीत भरला. तेथे वाढवलेल्या खुर्च्यांमुळे एका बाजूची बाहेर पडायची वाट अडलेली होती. प्रेक्षकांना वेळेवर सूचना देणारे आणि दारे उघडून त्यांना बाहेर काढणारे कुणी नव्हते. ५९ माणसे गेली, त्यांतली अनेक गुदमरून. सुट्टीत चित्रपट पाहायला गेलेली मुले आणि कुटुंबेच्या कुटुंबे त्यांत होती. चार खुर्च्या जास्त बसवल्याने मालकाला चार तिकिटांचे पैसे जास्त मिळतात, आणि त्याची किंमत कोण चुकते करतो हे उपहारने दाखवले.

म्हणून आयोजकांनी खर्च वाचवायचा तर रोषणाईवर वाचवावा, दारावर नव्हे. कार्यक्रमाच्या आधी रक्षकांना आणि स्वयंसेवकांना एकदा सगळे मैदान फिरवून दाखवायला अर्धा तास पुरतो. बाहेर पडायची दारे कार्यक्रमभर उघडी किंवा आतून सहज उघडतील अशी हवीत आणि प्रत्येकापाशी माणूस हवा. उशीर होणार असेल तर "कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होईल, दारे इतक्या वाजता उघडतील" असे ध्वनिक्षेपकावरून सांगायला एक पैसा पडत नाही. कारण माहीत असेल तर माणसे वाट पाहतात. काहीच कळले नाही की ढकलू लागतात. धरणावरचा भोंगा वाजतो तोही याचसाठी.

आणि आपण?

इतके झाल्यावर बोट आपल्याकडेही वळवायला हवे. गर्दी म्हणजे नेहमी दुसरे लोक, असे प्रत्येकाला वाटते.

मराठी प्रेक्षकाला कलावंत 'रसिक मायबाप' म्हणतात. १२ मार्च १९११ रोजी 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. तरीही जमलेल्या प्रेक्षकांसाठी ते रंगमंचावर उभे राहिले. ही आठवण सांगताना आपला ऊर भरून येतो. पण त्या नात्याची दुसरी बाजू आपण सांभाळतो का? २०१९ मध्ये नाशिकला एका नाटकाच्या प्रयोगात मोबाइल पुन्हा पुन्हा वाजत राहिल्यामुळे अभिनेते सुमीत राघवन यांना प्रयोग मध्येच थांबवावा लागला. प्रयोगाआधी मोबाइल बंद करण्याची सूचना प्रत्येक नाट्यगृहात होते. ती ऐकू न येण्यासारखी नसते. ती आपल्यासाठी नाही, असे ज्याला त्याला वाटते.

तीच गोष्ट मोबाइल उंच धरून चित्रण करण्याची. घरी जाऊन ते चित्रण कितीजण पुन्हा पाहतात? परंतु त्या दोन-तीन मिनिटांसाठी मागच्या दहा माणसांचा रंगमंच झाकला जातो. खुर्चीवर उभे राहणे, ओळखीचा पास दाखवून रांग मोडणे, पाच मिनिटे आधी उठून दारात घोळका करणे, लहान मूल कंटाळून रडू लागले तरी त्याला बाहेर न नेणे, या सगळ्यांत दुष्टपणा नसतो, पण शेजाऱ्याचा विचारही नसतो. आणि दारावरच्या पोऱ्याला "तू मला ओळखत नाहीस काय?" असे विचारणारे गृहस्थ तर प्रत्येक शहरात सापडतात. तो ओळखत नाही, आणि ओळखू नये, हेच त्याचे काम आहे.

छेडछाडीची गोष्ट मात्र निराळी. तिला गर्दीचा अपघात म्हणून पांघरूण घालता येणार नाही, तो गुन्हा आहे. अशा वेळी मुलीने गप्प राहू नये आणि तिच्या घरच्यांनी "जाऊ दे, तमाशा नको" म्हणून तिला गप्प बसवू नये. मोठ्याने बोलावे, आजूबाजूच्या स्त्रियांना सांगावे, जवळच्या पोलिसाकडे जावे किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. शेजारी बसलेल्यांनीही मान वळवू नये. चार माणसांनी "काय चालले आहे?" एवढे विचारले तरी अशा माणसाचा धीर सुटतो.

सवय लागते, लावावी लागते

सगळीकडे निराशाच आहे असे नव्हे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पाहा. आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये तो सुरू केला. पुढे हजारो श्रोते येऊ लागले. कितीतरी वर्षे रमणबागेच्या मैदानावर आणि २०१८ पासून मुकुंदनगरला हा महोत्सव भरत आला आहे. सतरंजीवर मांडी घालून तासन् तास गाणे ऐकणारी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या येतात. खाण्याचे ठेले एका बाजूला आणि गाणे दुसऱ्या बाजूला. शेजारच्याची अडचण होणार नाही अशा बेताने उठावे, राग रंगात आला असताना बोलू नये, हे नव्या श्रोत्याला कुणी शिकवत नाही. जुन्यांकडे पाहून तो शिकतो. एकेकाळी ही मैफल रात्र रात्र चाले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला मनाई करणारे २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यावर वेळापत्रक बदलले, पण श्रोते बदलले नाहीत.

याचा अर्थ एवढाच, की शिस्त रक्तात नसते, ती सवयीत असते. चांगली व्यवस्था वर्षानुवर्षे मिळाली की प्रेक्षक चांगले वागतात आणि प्रेक्षक चांगले वागू लागले की दारावरच्या माणसाचा आवाजही खाली येतो. सुरुवात कुणी करायची, याचे उत्तर मात्र स्पष्ट आहे. ज्याने तिकिटाचे पैसे घेतले, त्याने.

दाद कुठे मागायची?

पैसे देऊन तिकीट घेतले म्हणजे आपण ग्राहक झालो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. तिकीट असून आत घेतले नाही, क्रमांकाची जागा दिली नाही, जाहीर केलेला कलाकार आलाच नाही किंवा कार्यक्रम रद्द होऊन पैसे परत मिळाले नाहीत, तर ही सेवेतली त्रुटी आहे. या कायद्याने एक मोठी सोय केली आहे. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही करता येते. म्हणजे मुंबईच्या कार्यक्रमाची तक्रार बरगीच्या कुटुंबाला जबलपूरला नोंदवता येईल. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील केलाच पाहिजे असेही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. पुष्कळ प्रकरणे तेथेच मिटतात.

मात्र पुरावा हवा. तिकीट, पैसे भरल्याची नोंद, जाहिरातीची प्रत, बंद दाराचे किंवा बळकावलेल्या जागेचे छायाचित्र जपून ठेवावे. मोबाइलचा असा उपयोग केला तर कुणाची तक्रार नाही. कार्यक्रम फुकट असेल तर सहसा ग्राहक कायद्याचा आधार मिळत नाही. तेथे परवानगी देणारे प्रशासन आणि पोलीस यांच्याकडे लेखी तक्रार करावी. दहा जणांच्या सह्यांचा साधा अर्जसुद्धा पुढच्या वर्षीची परवानगी देताना साहेबांच्या टेबलावर असतो, हे विसरू नये.

घरातून निघण्यापूर्वी

मोठ्या कार्यक्रमाला जाताना लहान मुलाच्या खिशात आईवडिलांचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि त्या दिवशी घातलेल्या कपड्यांत त्याचा एक फोटो काढून ठेवावा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ती जागा आत शिरतानाच ठरवावी. गर्दीत फोन लागतोच असे नाही. आत गेल्यावर बसण्याआधी आपल्याला सर्वांत जवळचे बाहेर जायचे दार कोणते हे एकदा पाहून घ्यावे. आत आलो तेच दार जवळचे असेल असे नाही. आजी-आजोबांना कडेच्या खुर्चीवर बसवावे. त्यांची औषधे आपल्यापाशी ठेवावीत.

गर्दी दाटू लागली, खांद्याला खांदा घासू लागला, की मोह सोडून वेळीच बाजूला व्हावे. त्यातूनही सापडलोच तर दोन्ही हात कोपरांत दुमडून छातीपुढे धरावे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लाटेच्या उलट जोर करू नये. लाट ओसरली की तिरके तिरके कडेला सरकावे. पडलेली चप्पल किंवा पर्स उचलायला वाकू नये. लहान मुलाला उचलून वर घ्यावे. आणि कुणी पडलेच तर मागे ओरडून सांगावे, पडलेल्याला हात देऊन उभे करावे. कार्यक्रम संपल्यावर दहा मिनिटे जागेवर बसून राहिले तर काही बिघडत नाही. दहा मिनिटांत दार मोकळे होते.

त्या आजींचे "पुन्हा मला नेऊ नका रे" हे वाक्य आयोजकांनी, दारावरच्यांनी आणि प्रेक्षकांनीही मनावर घ्यायला हवे. रेडिओवर, टीव्हीवर आणि आता मोबाइलवर हवे ते गाणे घरबसल्या मिळते. तरीही माणूस पाच तिकिटे काढून, दुपारीच जेवून, तीस-चाळीस किलोमीटर प्रवास करून जातो, कारण चार माणसांत बसून ऐकण्याचे सुख घरात मिळत नाही. पण पहिला बळी जातो तो याच सुखाचा. म्हातारी माणसे येईनाशी होतात, मग लहान मुलांना आणले जात नाही, मग मुलींना पाठवले जात नाही. शेवटी मैदानात उरतात ते फक्त ढकलू शकणारे.

बरगीच्या धरणावर २१ दारांपैकी एकच उघडून बाकीची बंद ठेवावीत आणि वर "पाण्याला शिस्त नाही" असे म्हणावे, हे कुणाला पटेल? मग माणसांच्या बाबतीत तरी ते का पटावे? दार वेळेवर उघडावे, पुरेसे उघडावे आणि त्यापाशी गोड बोलणारा, माहितगार माणूस उभा करावा. आपणही आपल्या क्रमांकाच्या खुर्चीवर बसावे आणि दुसऱ्याची त्याला द्यावी. पुढच्या शरद पौर्णिमेला मग आजींनी स्वतःहून विचारावे, "काय रे, यंदा गाणे ऐकायला जायचे ना?"